चिखलातलं गाणं, चार हात

कुवेतमध्ये हिवाळा आला, हे आधी माझ्या कानांना कळतं. नोव्हेंबरातल्या कुठल्याशा दुपारी माझा नवरा विवेक सोफ्यावरून उठतो, रिमोट हातात घेतो, आणि एप्रिलपासून अखंड चाललेली एसीची घरघर थांबते. पहिले काही क्षण चुकल्याचुकल्यासारखं होतं. मग हळूहळू घराला ऐकू यायला लागतं. वरच्या मजल्यावरच्या इजिप्तच्या बाईंच्या सपाता, खाली हारिसच्या, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराच्या, खोलीतला रेडिओ, खिडकीच्या कठड्यावर कबुतराच्या नखांची खरखर. हवल्लीसारख्या गजबजलेल्या वस्तीत इतके बारीक आवाज असतात, हे उन्हाळाभर विसरायलाच होतं.

यंदाची ती दुपार काल आली. मी पियानोचं झाकण उघडलं आणि अगदी खालचा एक स्वर दाबून ठेवला. उन्हाळ्यात हा स्वर अर्ध्या वाटेतच घरघरीत बुडतो. काल तो हवेत पसरला, बारीक होत गेला, आणि कुठे संपला ते शेवटपर्यंत ऐकू आलं. त्याच्या पाठोपाठ काही वर्षांपूर्वीचा तो हिवाळा आला. आल्याचा आणि कसल्याशा बामचा वास, माझ्या उजव्या कोपराला टेकलेलं दुसऱ्या कुणाचं तरी डावं कोपर, रुमैथियातल्या त्या खोलीच्या छताजवळच्या खिडकीला सकाळी लागलेलं धुकं.

पियानो आमच्याकडे इरासाठी आला होता. इरा माझी लेक. आठव्या वर्षी हौसेने शिकायला लागली आणि तेराव्या वर्षी "आई, आय ॲम डन" म्हणून मोकळी झाली. पियानो राहिला. त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जायला लागले.

मी तेव्हा गाणं सोडलेलं होतं. खरं तर गाण्यानेच मला सोडलं होतं. इचलकरंजीत गुरुजींकडे बारा-पंधरा वर्षं ख्याल शिकले, लग्न होऊन इथे आले, तरी रियाज सुटला नव्हता. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माझं गाणं ठरलेलं असे. मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं, की आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, गाठ काढताना ती दुखावू शकते. गाठ साधी निघाली. जिवावरचं टळलं, सगळ्यांनी देवाला साखर ठेवली. बोलण्याचा आवाज थोड्या महिन्यांनी परत आला, जरा घोगरा. गाण्याचा मात्र आला नाही. मध्य सप्तकातल्या पंचमाच्या वर गेलं, की नुसता वारा. जुनं दार लोटल्यावर येतो तसा. मी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मग तंबोऱ्याला गवसणी घातली.

लोक फार चांगले वागले. त्याचाच त्रास व्हायचा. मंडळात कुणी गायला बसलं, की चार माना हळूच माझ्याकडे वळायच्या आणि मी हसायची. घरी आल्यावर जबडा दुखायचा.

इराच्या पियानोच्या बाई म्हणजे फांगबाई. त्यांना सगळे "मिस फांग" म्हणायचे. पण संगीत शिकवणाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं माझ्या तोंडात बसेना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना फांगबाई केलं. चीनमधल्या हुबेई प्रांतातल्या. नवरा बांधकामाच्या कंपनीत इंजिनियर, त्याच्या कामामागे देशोदेशी फिरणाऱ्या. बुटक्या, कापलेले केस, लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट, आणि हाताशी गरम पाण्याचा थर्मास. रुमैथियात एका बंगल्याच्या तळघरात दोन खोल्या घेऊन त्या शिकवायच्या. इराचं शिकणं थांबल्याचं सांगायला मी गेले. राहिलेली वह्या-पुस्तकं घेतली आणि निघताना का कोण जाणे विचारलं, "मोठ्या माणसांना शिकवता का?"

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "वाजवता काही?"

"हार्मोनियम. गाण्याबरोबर."

"बसा."

उजव्या हाताने मी एक सरगम वाजवली, बरी वाजवली. त्यांनी डावा हात ठेवायला सांगितलं. तो ठेवला आणि गंमत झाली. डाव्या हाताला काहीच सुचेना. जन्मभर त्याने हार्मोनियमचा भाता ओढला होता, त्याला स्वर माहीतच नव्हते. इथे ओढायला भाता नाही म्हटल्यावर तो मांडीवरून उठायलाच तयार होईना.

फांगबाई हसल्या नाहीत. "उजवा हात सहा वर्षांचा, डावा आजच जन्मला," त्या म्हणाल्या. "मंगळवारी या." आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो. त्यांची माझी इंग्रजी दोन वेगवेगळ्या गावची. पण मला ते सगळं बोलणं मराठीतच आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

दोन वर्षं मी लहान पोरांच्या रांगेत बसून शिकले. माझ्या आधी एक कुवेती मुलगी, नंतर दोन फिलिपिनो भाऊ. डावा हात हळूहळू रांगायला लागला, चालायला लागला. पण एका गोष्टीवरून फांगबाईंचा माझ्यावर कायम राग. मी मोजत नसे. त्या काठीने पियानोच्या कडेवर ठेका धरायच्या, एक-दोन-तीन-चार, आणि मी एखाद्या स्वरावर रेंगाळायची. स्वर चांगला लागला की तो सोडवत नसे. "वान-दा-ना!" त्या ओरडायच्या. "गाडी निघून गेली! तुम्ही अजून स्टेशनवर!"

आणि मग तो हिवाळा.

मी थोडी लवकर पोचले होते. दार उघडंच होतं. आत फांगबाई एकट्याच वाजवत होत्या, एक साधी चाल. खालच्या पट्टीतली, जडशी. मी दारातच थांबले. पाचच स्वर. सा रे म प ध. मला राहवलं नाही.

"दुर्गा!" मी म्हणाले.

त्या थांबल्या. "काय?"

"हा आमचा राग आहे. दुर्गा. हेच स्वर."

आपलं माणूस परदेशात अचानक भेटावं तसा मला आनंद झाला होता. फांगबाईंना तो बिलकूल झाला नाही.

"तुमचा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचा." आणि त्यांनी डाव्या हाताने खाली वेगळाच स्वर धरला, माझ्या हिशेबाने मध्यम. वर उजव्या हाताने तीच चाल, एकही स्वर न बदलता. पण दुर्गा तिथून उठून गेला होता. आता तो भूप वाटत होता. मग त्यांनी खालचा स्वर पुन्हा बदलला, तीच चाल आणखी तिसरीच झाली, उदास, धानीसारखी. "स्वर म्हणजे घर नाही," त्या म्हणाल्या. "परत कुठे जातो, ते घर. माझ्या गाण्याचं घर फिरतं."

आमच्याकडे याला मूर्च्छना म्हणतात, षड्ज हलवला की राग बदलतो, हे मी त्यांना सांगितलं. या खेपेला त्यांनी मान डोलावली. "हं. हे माहीत असेल तर मग बसा."

त्यांची आई कमळाची मुळं काढायची. आपण ज्याला कमळकाकडी म्हणतो ती. ती थंडीत काढतात. तळ्यांचं पाणी उपसतात आणि बायका-पुरुष कमरेपर्यंत चिखलात उतरून पायांनी चाचपत मुळं शोधतात. तेव्हा म्हणायचं हे गाणं. फांगबाई लहानपणी काठावर बसून ऐकायच्या. पुढे शहरात संगीत शिकायला गेल्या आणि त्या गाण्यावर त्यांनी पियानोची एक रचना केली, एकाच पियानोवर दोन माणसांनी, चार हातांनी वाजवायची. आधी ठेक्याशिवायची मोकळी सुरुवात, मग मूळ चाल, मग तिची वेगवेगळी रूपं, आणि शेवटी फ्यूग.

फ्यूग हा युरोपातला प्रकार. एक आवाज चाल घेऊन निघतो. तो पुढे जातो न जातो तोच दुसरा आवाज तीच चाल वरच्या पंचमावरून सुरू करतो, मग तिसरा, मग चौथा, आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने चालत राहतो. त्यांच्या प्राध्यापकांनी वही परत दिली होती. म्हणाले होते, शेतातल्या गाण्याचा फ्यूग होत नाही. पाच स्वरांत अर्ध्या स्वराची ठेचच नाही, मग ओढ कुठून येणार? गोल गोल फिरेल, पुढे जाणार नाही.

"मग तुम्ही काय केलंत?"

"पुढे नेलं," फांगबाई म्हणाल्या. प्रत्येक नवा आवाज आला की पाचातला एकच स्वर बदलायचा, चार तसेच ठेवायचे. असं करत करत गाणं घर बदलत जातं आणि सगळ्या वाड्या फिरून परत येतं. त्यांनी ते वाजवून दाखवलं, मधेमधे गुणगुणत, कारण हात दोनच होते.

ही रचना लोकांसमोर कधीच वाजली नव्हती. एवढी वर्षं झाली, इतक्या देशांत इतके विद्यार्थी झाले, त्यातले कितीतरी माझ्याहून सरस. सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडायचं. ती मोकळी सुरुवात. तिथे ठेका नाही, मोजदाद नाही. खालच्या वादकाने एकट्याने स्वर ठेवायचा आणि तो पिकेपर्यंत थांबायचं. मुलं मनातल्या मनात मोजायची. ते लगेच ऐकू यायचं.

"तुम्ही मोजत नाही," फांगबाई मला म्हणाल्या. दोन वर्षं जो गुन्हा होता, तो त्यांनी असा माझ्यासमोर ठेवला, जणू मी मागूनच आणला होता. "आणि आमच्याकडे वेळ थोडा आहे." नवऱ्याचं इथलं काम हिवाळ्याअखेर संपणार होतं. पुढचा देश कुठला, ठाऊक नव्हतं.

आता विचार केला, की वाटतं, त्या हिवाळ्यात मी पियानो शिकले नाही, पियानोशी भांडायला शिकले. पियानोला मींड येत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही, भिंत आहे. या स्वरावरून त्या स्वरावर घसरत जायचं, हे ज्याच्या गळ्यातून आलंय त्याला ते फार जाचतं. पण फांगबाईंच्या देशात सात तारांचं एक जुनं वाद्य आहे, मांडीवर घेऊन वाजवायचं. त्याच्यावर बोट घसरवून स्वर ओढतात. ती ओढ पियानोवर आणायची कशी, याचा त्यांच्या लोकांनी खूप विचार केला आहे. शेजारचा स्वर चिमटा काढल्यासारखा किंचित आधी दाबायचा, लगेच सोडायचा, आणि पायाखालच्या पेडलने दोन्ही एकमेकांत विरघळू द्यायचे. जमलं, तर कानाला खरंच भास होतो, की स्वर वाकला. मला ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी दचकून हात उचलला. गळ्यातून गेलेली गोष्ट बोटांतून आली होती.

आणखी एक वाद्य, त्याला त्या पिपा म्हणायच्या. मला तेलाचं पिंप आठवायचं आणि हसू यायचं. त्याच्या तारेवर पाचही बोटांनी एकामागून एक टिचक्या मारत स्वर थरथरता ठेवतात. तेही पियानोवर आणायचं, एकाच पट्टीवर चार बोटं आलटून पालटून. स्वयंपाकाच्या ओट्यावर, गाडीच्या डॅशबोर्डवर, सगळीकडे मी बोटं वाजवत सुटले. इराने एकदा विचारलं, "आई, आर यू ओके?"

सोबतीचे सूर कसे लावायचे, हाही एक धडाच होता. मी सवयीने चालीखाली सा-ग-प धरायची, सिनेमातल्या गाण्यांना धरतो तसं. फांगबाई माझा हात उचलून बाजूला ठेवायच्या. "माझ्या आईला कोट-टाय घालू नका." मग त्यांनी शिकवलं, की सा आणि म, रे आणि प, अशा लांब-लांब जोड्या लावायच्या, मधली जागा रिकामी ठेवायची. त्या रिकाम्या जागेतून वारा जातो, तळं दिसतं. हे त्या म्हणाल्या नव्हत्या. मला दिसायचं.

बाहेर तोवर हिवाळा पुरता उतरला होता. लोक सुट्टीला वाळवंटात तंबू ठोकायला चालले होते, बाजारात फगा आला होता, पाऊस झाल्यावर वाळूखालून निघणारा तो मातकट कंद. मी तो पिशवीभर घेऊन फांगबाईंकडे गेले. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चिखल." त्या दिवशी आम्ही धडा सोडून तो आलं घालून परतून खाल्ला.

मंडळात विचारायला मात्र माझे पाय जड झाले होते. संक्रांतीचं स्नेहसंमेलन हवल्लीतल्या एका शाळेच्या सभागृहात असतं आणि तिथे चाकांचा एक पियानो आहे, एवढं मला माहीत होतं. सांस्कृतिक विभाग देसाईभाऊंकडे. माणूस मालवणचा, मनाचा मोकळा, पण कार्यक्रमाच्या बाबतीत धास्तावलेला.

"वंदनावहिनी, तुम्ही परत स्टेजवर येताय, याच्यासारखा आनंद नाही," ते म्हणाले. "पण पियानो? तिळगुळाला?"

"तिळगुळाला पियानोचं वावडं आहे का?"

"तसं नाही हो. मुलांचे नाच आहेत, उखाणे आहेत, मग नाट्यगीतं. लोक घरचं काहीतरी ऐकायला येतात. आणि हे चिनी म्हणता. शब्द काय आहेत?"

"शब्द नाहीत."

"मग लोकांना कळणार कसं?"

"तुम्हाला तबला कळतो ना? त्याला कुठे शब्द आहेत?"

ते बराच वेळ कान खाजवत बसले. शेवटी त्यांनी आम्हाला चहाच्या आधीची जागा दिली. ज्याने कधी मंडळाचा कार्यक्रम केलाय त्याला कळेल, त्या जागेचा अर्थ काय. तोवर मागे कप मांडायला लागलेले असतात.

फ्यूगने मला रडवलं. सुरुवात माझ्या हातची होती, रूपंही बसली होती. पण फ्यूगमध्ये चार आवाज, वरचे दोन फांगबाईंचे, खालचे दोन माझे, आणि मी दर वेळी त्यांच्या मागे अर्धं पाऊल राहायची. त्यांना वाटलं, बोटं कच्ची आहेत. मलाही तसंच वाटत होतं. कार्यक्रमाला थोडेच दिवस राहिले असताना त्यांनी मधेच हात थांबवले. त्यांचे थांबल्याबरोबर माझेही थांबले.

"बघा," त्या म्हणाल्या. "मी थांबले, तर तुम्ही का थांबलात?"

तेव्हा मला कळलं. मी साथ करत होते. आयुष्यभर हार्मोनियमची सवय, गाणारा पुढे जाणार आणि आपण त्याच्या सावलीसारखं मागे. चांगला साथीदार तोच, जो पुढे जात नाही. फ्यूगमध्ये सावली चालत नाही. तिथे चौघेही गवई.

"खालचा आवाज गा," फांगबाई म्हणाल्या. "वाजवू नका. गा. मी वरचे दोन वाजवते."

"मला गाता येत नाही. तुम्हाला सांगितलंय."

"उंच येत नाही. हा उंच नाही. चिखलात उभी राहिलेली बाई उंच गात नाही. दम पुरत नाही तिचा."

मी मान हलवत राहिले. त्या वाजवायला लागल्या. माझी जागा आली आणि गेली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा गेली. चिडल्या नाहीत, नुसत्या परत परत त्याच जागेवर येत राहिल्या, कुणी दार वाजवत राहावं तशा. आणि एका खेपेला मी तोंड उघडलं.

आवाज वाईट होता. घोगरा, खरखरीत, मधे तुटणारा. पण स्वर लागला होता. वरून फांगबाईंची बोटं वेगळ्याच वाटेने धावत होती आणि मी त्यांच्या मागे गेले नाही. माझी माझी चालत राहिले. माझे डोळे वाहायला लागले, तरी चालत राहिले. संपल्यावर त्यांनी थर्मासमधलं गरम पाणी कपात ओतून माझ्यापुढे ठेवलं. "आता हेच हातांनी," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी हातांनीही जमलं. एक आवाज डाव्या हातात, एक उजव्यात. घरी येताना रिंग रोडवर मी गाडीतल्या गाडीत ओरडले. एक आवाज गेला म्हणून मी वर्षानुवर्षं मान खाली घालून बसले होते आणि आता माझ्याकडे दोन होते.

कार्यक्रमाचा शुक्रवार. दुपारचं सौम्य ऊन, सभागृहात हलव्याचे दागिने घातलेली बाळं, काळ्या साड्या, तिळाच्या वड्यांचा वास. फांगबाई काळ्या रेशमी पोशाखात आल्या. कुणीतरी त्यांना हळदकुंकू लावलं होतं, ते त्यांनी पुसलं नव्हतं. त्यांचा नवरा विवेकच्या शेजारी बसला होता, दोघे इंजिनियर, कपाळाला आठ्या घालून. आमचं नाव पुकारलं तेव्हा मागे कपांची किणकिण सुरू झालेलीच होती. मुलं रांगांमधून पळत होती. अर्धे लोक उठून पाय मोकळे करत होते.

फांगबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एवढ्या वर्षांनी त्यांचं गाणं वाजणार होतं आणि ते या गोंगाटात. "थांबू या?" त्या पुटपुटल्या. "लोक गप्प होईपर्यंत?"

"नाही," मी म्हणाले. "मी त्यांना बोलावते."

मी तो खालचा स्वर लावला. एकच. आणि थांबले. कुणाला कळलंही नाही की सुरू झालंय. तो पुरता विरला. मी पुन्हा लावला, आणखी हलक्या हाताने, आणि आणखी थांबले. गुरुजी सांगायचे, षड्जाने घाई केली तर श्रोता पळतो. पहिली रांग वळली. तिसऱ्यांदा लावला, आणि त्याला खालून तो चिमटा दिला. स्वर वाकला. "श्शू" असं कुणीतरी मागे केलं. कप थांबले. एका बाळाचं रडणं बाहेरच्या व्हरांड्यात गेलं. मग मी दुसऱ्या स्वरावर गेले, तिथेही बसले, तिसऱ्यावर गेले. मला कसलीच घाई नव्हती. अवघं सभागृह येऊन बसलं, तेव्हा कुठे मी खालून वर एक लांब ओढ घेतली आणि विसावले, आणि अंधाऱ्या रांगांतून आवाज आला, "वा!"

फांगबाई दचकल्या. मी डोळ्यांनीच त्यांना सांगितलं, ठीक आहे, चांगलं आहे. मग त्यांनी हात उचलले आणि चाल सुरू झाली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आमची कोपरं लागत होती. पिपाच्या टिचक्या चार बोटांतून झरझर निघाल्या, जणू आपोआप. एका रूपात आम्ही दोघींनी एकदमच पेडलकडे पाय नेला आणि माझी चप्पल सुटली, ती तशीच राहिली. आणि फ्यूग. त्यांचा पहिला आवाज निघाला, त्यांचाच दुसरा आला, मग माझा उजवा हात पंचमावर शिरला, बरोबर आपल्या वेळेला, कुणाच्याही सावलीत न राहता. शेवटी माझा डावा हात. जन्मभर भाता ओढलेला तो हात सगळ्यांच्या खालून, चिखलात पाय रोवल्यासारखा, चाल घेऊन आला. चार आवाज, घर बदलत बदलत, एकाच गाण्यात. परत पहिल्या घरी येताना आम्ही दोघींनी मिळून वेग वाढवला. ते ठरलेलं नव्हतं.

शेवटचा सूर सुटला आणि टाळ्या पडल्या. नुसत्या टाळ्या नाहीत, लोक उभे राहिले. आणि मग मागून, जिथे कप मांडले होते तिथून, देसाईभाऊंचाच आवाज आला, "वन्स मोअर!"

सगळं सभागृह ते घेऊन ओरडायला लागलं. फांगबाईंनी घाबरून माझा हात धरला. "काय झालं? काही चुकलं? पुन्हा का वाजवायला सांगतायत?"

"चुकलं नाही," मला हसू आवरेना. "त्यांना अजून हवंय. शेवटचा भाग. फ्यूग."

"फ्यूग?" त्या म्हणाल्या. "त्यांना फ्यूग हवाय?"

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी कधी विसरणार नाही. काठावर बसून आईचं गाणं ऐकणारी मुलगी मला दिसली. त्यांनी रेशमी बाही वर सारली आणि आम्ही पुन्हा वाजवला, पहिल्यापेक्षा जोरात.

त्या हिवाळ्याच्या शेवटी त्या गेल्या. आता त्या आणखी कुठल्याशा देशात, आणखी कुठल्याशा तळघरात मुलांना मोजायला शिकवत असतील. अधूनमधून फोन होतो. माझ्याकडे आज चार विद्यार्थिनी आहेत, त्यातल्या दोघी पन्नाशीच्या पुढच्या. पण काल एसी बंद झाल्यावर मला आठवलं ते सभागृहाच्याही नंतरचं.

कार्यक्रम संपवून आम्ही घरी निघालो होतो. ऊन कलतं, समुद्राकडून येणारा गार वारा. पुढे विवेक आणि फांगबाईंचा नवरा, मागे एका खिडकीशी फांगबाई, मधे मी, आणि दुसऱ्या खिडकीशी इरा. फांगबाईंच्या मांडीवर तिळगुळाचा डबा होता. त्या एक लाडू चघळत बाहेर बघत होत्या, आणि चघळता चघळताच त्यांनी ते गाणं म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या भाषेत, खालच्या आवाजात, आईसारखं. त्यांचाही आवाज काही चांगला नव्हता. दुसऱ्या ओळीला मी त्यांच्यात शिरले. शब्द येत नव्हते, आकारातच म्हणत होते, घोगरं, तुटत, जिथे तुटेल तिथून पुन्हा धरत. मग आमचा आवाज चढला. पुढे विवेक स्टिअरिंगवर ठेका धरायला लागला, चुकीचा.

सिग्नलला गाडी थांबली. शेजारच्या जीपमधली चार तरुण पोरं आमच्याकडे वळून बघायला लागली.

"आई, प्लीज," इरा म्हणाली आणि तिने तिच्या बाजूची काच वर केली.

मी तिच्या अंगावरून हात लांब करून बटण दाबलं आणि काच पूर्ण खाली घेतली.